मदतीचा हात स्वीकारताना



दान कसे द्यावे, याविषयी आपण पुष्कळ ऐकतो. मदत कशी स्वीकारावी, याविषयी मात्र क्वचितच बोलले जाते. बालपणी झालेल्या पोलिओमुळे मी आयुष्यभर कॅलिपर आणि कुबडी यांच्या आधाराने चालत आलो आहे. त्या अनुभवातून चार शब्द आपल्यापुढे ठेवतो.

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे २ कोटी ६८ लाख दिव्यांगांची नोंद झाली. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या कायद्याने ते २१ केले. कायदा हक्क देतो. परंतु बसची उंच पायरी चढताना पुढे येणारा अनोळखी हात कोणत्याही कलमामुळे येत नाही, तो माणुसकीने येतो.

तो हात कधी भलत्या जागी पडतो. कुबडीचाच हात कोणी धरला, तर तोल जातो. अंध व्यक्तीला मागून ढकलले, तर ती बावरते. तिला आपल्या कोपराचा आधार हवा असतो. समोरच्याला हे ठाऊक नसते. अशा वेळी न रागावता, "दादा, हात धरू नका, मीच आपल्या खांद्यावर हात ठेवतो," असे सांगितले, की दोघांचाही संकोच दूर होतो. आमच्या व्यवसायात ग्राहकाने माप सांगितल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाहीत. मदतीचे मापही घेणाऱ्यानेच सांगावे.

मदत नको असेल, तर नकारही सौम्य असावा. "सध्या जमते मला, आपण विचारलेत, आभारी आहे," एवढे पुरे. झिडकारलेला हात पुढच्या वेळी आखडतो आणि तेव्हा जिन्यापाशी उभी असलेली व्यक्ती कदाचित आपल्याहून अधिक गरजू असते. आपल्या एका कठोर शब्दाने तिच्या वाट्याचा आधार हिरावला जाऊ नये.

घेणाऱ्याने कृतज्ञ असावे, मिंधे असू नये. देणाऱ्याने आधी विचारावे आणि नंतर उपकार बोलून दाखवू नयेत. आज धडधाकट असलेल्यांनाही वार्धक्यात कोणाचा तरी हात धरावा लागणारच आहे. तो प्रसन्न मनाने धरता यावा, हीच सदिच्छा व्यक्त करून माझे मनोगत पूर्ण करतो.

जय जिनेंद्र.