बार्बीचं नऊवारी लुगडं

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याची. माझ्याकडे सात बार्बी आहेत, सगळ्या जुन्या पद्धतीच्या कपड्यांत. १९५९ साली पहिली बार्बी आली ती स्विमसूटमध्ये. माझी लाडकी मात्र नऊवारीत!

हिशेब सोपा आहे. साडेअकरा इंचांची बार्बी म्हणजे माणसाचा साधारण सहावा हिस्सा. म्हणून लांबी नऊ वारांऐवजी दीड वार, पन्हा साडेसात इंच. कापड आजीच्या विरलेल्या सुती लुगड्याचं, कारण नव्या कडक कापडाच्या एवढ्याशा निऱ्या फुगतात.

कासोटा कसा घालायचा, ते आजीनंच दाखवलं, थरथरत्या हातांनी. आई पाचवारी नेसते, मी जीन्सवाली. मागच्या वर्षी आजी गेली. आज आमच्या घरात कासोटा येतो तो फक्त मला, तोही बाहुलीमुळे.

तुमची आजी असेल तर आजच विचारा. मोबाईल हातातच आहे, व्हिडिओ काढून ठेवा.