वॉर्साचा इंजिनिअर आणि औंधचा कारभार

(भोर-वेल्हे तालुक्यांच्या शेतकरी मेळाव्यातील भाषण)



आमचा भोर-वेल्ह्याचा मुलूख भाताचा, नाचणीचा. तुम्ही आलात ज्वारी-कपाशीच्या रानातून. तुमच्याकडे पाऊस येत नाही, आमच्याकडे आलेला थांबत नाही. भाटघरचं धरण 1927 साली पुरं झालं. पाणी नीरेच्या कालव्यांनी खाली गेलं आणि आमच्या खोऱ्याच्या वाट्याला बुडीत आलं. धरण कुठे, पाणी कुणाला, हे ठरवणारे आमच्या गावचे नव्हते. म्हणून आज गावाचा निर्णय कुणी करायचा यावर बोलायचं आहे, आणि त्यासाठी एका परक्या मुलखातल्या माणसाची हकीगत सांगायची आहे.

मॉरिस फ्रीडमन हे त्याचं नाव. जन्म 1901 चा, पोलंडमधल्या वॉर्सा शहरात, ज्यू कुटुंबात. शिक्षणाने विजेचा इंजिनिअर. फ्रान्समध्ये नोकरी केली आणि तिथून बंगळूरला, म्हैसूर सरकारच्या विजेच्या सामानाच्या कारखान्याचा प्रमुख म्हणून आला. साहेबाने साहेबासारखं राहायचं तर याने खादी घातली, पुढे संन्यास घेतला, भारतानंद नाव घेतलं. कापूस पिकवणाऱ्यांनी याची आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. धनुष टकळी याच इंजिनिअरने काढली. चरख्यापेक्षा स्वस्त, सुटसुटीत, गावातल्या गावात करता येईल अशी. गांधीजींना ती फार पसंत पडली. टकळीने कापसाला भाव मिळाला असता असं आम्ही म्हणत नाही. पण मोठ्या यंत्रांच्या कारखान्याचा प्रमुख गरिबाच्या हाताला पेलेल असं हत्यार करत बसतो, यावरून माणूस कळतो.

आता औंध. आमच्याकडे पंतसचिव होते, तसे तिकडे पंतप्रतिनिधी. औंध संस्थान 72 गावांचं, वस्ती पाऊण लाखाच्या आसपास, आणि तेही सलग नाही. औंध एकीकडे, कुंडल एकीकडे, आटपाडी तिसरीकडे, गुणदाळ तर पार विजापूरकडे. आटपाडीचा दुष्काळ तुम्हाला सांगायला नको. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' ज्यांनी वाचली आहे त्यांना तो मुलूख माहीत आहे; तालमीसाठी गावात येणारा त्यातला राजा म्हणजे औंधचाच. राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्कारांचा ध्यास, चित्रकलेचा नाद. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब विलायतेहून शिकून आलेले. त्यांची आणि फ्रीडमनची गाठ पडली आणि हा पोलंडचा माणूस औंधला येऊन राहिला.

तो दिवाण झाला नाही, मामलेदार झाला नाही. त्याने राजांपुढे एकच गोष्ट मांडली: सत्ता लोकांना देऊन टाका. राजे सत्तरीला टेकलेले. ते हो म्हणाले! आम्हाला या सगळ्या हकिगतीत हेच नवल वाटतं. आजचा साधा पदाधिकारी खुर्ची सोडताना किती दिवस घेतो, हे आपण पाहतोच.

अप्पासाहेब आणि फ्रीडमन गांधीजींकडे गेले, मसुद्यावर खल झाला आणि 21 जानेवारी 1939 रोजी औंधची राज्यघटना अमलात आली. बांधणी अशी. गावाने आपले पाच पंच निवडायचे. गावोगावच्या पंचायतींचे प्रमुख मिळून तालुक्याची सभा, आणि तालुक्यातून माणसं जाऊन संस्थानची विधानसभा. पंचायतीकडे कारभाराबरोबर न्यायनिवाड्याचंही काम. म्हणजे सत्तेची मुळी गावात. मुंबईहून निघालेलं परिपत्रक जिल्ह्यात झिरपायचं आणि गावात येईतो त्यातलं पाणी आटायचं, असली ती तऱ्हा नव्हती. मतदार साक्षर असावा, असा गांधीजींचा आग्रह होता. तो आम्हाला पटत नाही. अंगठा उठवणाऱ्या माणसाला आपल्या विहिरीचं पाणी किती आणि डोक्यावर कर्ज किती, हे कुणी शिकवावं लागत नाही.

फ्रीडमनचं दुसरं काम आटपाडीजवळचं. कैद्यांना कोठडीत कुजवण्याऐवजी उघड्या माळावर जमीन द्यावी, त्यांनी शेती करावी, कुटुंबासह राहावं, ही कल्पना त्याची. 1939 साली तशी वसाहत उभी राहिली, नाव स्वतंत्रपूर. ग. दि. माडगूळकर याच मातीतले. त्यांनी त्यावरून कथा लिहिली आणि 1957 साली शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' आला. चित्रपट तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्यामागे एक पोलिश इंजिनिअर उभा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

त्याच 1939 च्या सप्टेंबरात हिटलरने पोलंडवर हल्ला केला. वॉर्सातल्या ज्यूंचं पुढे काय झालं ते जगाला माहीत आहे. ज्याचं गाव तिकडे उद्ध्वस्त होत होतं, तो इकडे माणदेशातल्या गावांना कारभार कसा करावा हे सांगत होता.

नऊ वर्षं हा कारभार चालला. कुंडल औंध संस्थानातलंच, आणि 1942 नंतर ते पत्री सरकारचं मोठं ठाणं झालं. पंचायती केलेल्या मुलखात हे घडलं, यात आम्हाला अचंबा वाटत नाही. मग 8 मार्च 1948 रोजी औंध मुंबई प्रांतात विलीन झालं. त्याच दिवशी आमचं भोरही. राजे गेले ते बरंच झालं. पण औंधच्या पंचायतींकडे जे अधिकार होते, तेही त्या विलीनीकरणात गेले. गावाचं दप्तर पुन्हा वर गेलं.

पंचायत राज्याला घटनेत जागा मिळायला त्यानंतर 1993 साल उजाडलं, 73 वी दुरुस्ती आली. आणि तरी पुणे जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली तेव्हा निवडणूक झाली नाही, प्रशासक बसला. वर्षांमागून वर्षं गेली. औंधच्या राजाने आपण होऊन सोडलं ते लोकशाही सरकारला वेळेवर लोकांच्या हाती ठेवता आलं नाही. येत्या ग्रामसभेला जाल तेव्हा पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे गावाला किती आले आणि कशावर गेले, हा एक प्रश्न तरी लेखी विचारा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या.

फ्रीडमन भारतातच राहिले. तिबेटी निर्वासितांसाठी राबले, मुंबईत खेतवाडीतल्या निसर्गदत्त महाराजांकडे जात राहिले. महाराज मराठीत बोलत. ते बोलणं इंग्रजीत आणून 1973 साली यांनी छापलं, आणि ते पुस्तक जगभर गेलं. देह त्यांनी मुंबईतच ठेवला. स्वतंत्रपूरची वसाहत आटपाडीजवळ आजही आहे. त्या बाजूला कधी बाजाराला गेलात तर पाहून या.