फुटकं जातं आणि वनहक्काचा दावा

(संघटनेच्या अंबरनाथ तालुक्यातल्या मेळाव्यात एका कार्यकर्तीने केलेलं हे भाषण. बोलताना टिपून घेतलं, नंतर तिच्याकडून तपासून घेतलं. ज्या वाड्यांवरची माणसं मेळाव्याला येऊ शकली नाहीत त्यांच्यासाठी छापत आहोत.)



आयाबायांनो, दादांनो, मला सांगितलंय की तू विद्यापीठात जाऊन काय शिकलीस ते लोकांना सांग. तर सांगते. सुट्टीच्या दिवशी मी बदलापूरहून लोकल धरायची, कुर्ल्याला उतरायची आणि बसने कलिन्याला जायची. तिथे मुंबई विद्यापीठाचा बहिःशाल विभाग आहे. तिथे मी पुरातत्त्वाचा पहिला, म्हणजे अगदी प्राथमिक अभ्यासक्रम केला. फीसाठी वाडीतल्या बायांनी वर्गणी काढली होती. त्यामुळे हिशेब देणं भागच आहे.

परत आल्यावर सगळ्यांनी एकच विचारलं, "हंडा सापडला का गं?" नाय सापडला. पुरातत्त्ववाले सोन्याच्या हंड्यामागे नसतात. तसा कुणाला सापडलाच तर 1878 सालचा एक कायदा अजून आहे. जमिनीत 10 रुपयांच्या वर किमतीचं गुप्तधन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. 10 रुपयांत आता चहासुद्धा येत नाही, पण कायदा आहे.

पहिला धडा उकिरड्याचा होता. आपल्या घरामागचा उकिरडा डोळ्यापुढे आणा. काल टाकलेली राख वर आहे, दिवाळीतला केर त्याच्या खाली, मागच्या उन्हाळ्यात फुटलेला माठ आणखी खाली. जमिनीचंही तसंच असतं, खालचा थर जुना, वरचा नवा. पण मधे उंदराने बीळ केलं, नाहीतर कुणी खड्डा मारला, तर वरचं खाली जातं. म्हणून खणताना मातीचा रंग बदलला की लगेच थांबायचं, मोजायचं आणि लिहायचं. दोरी, खुंट्या, छोटी थापी, ब्रश, चाळण आणि वही, एवढीच अवजारं. त्यात वहीच जास्त वेळ हातात असते.

दुसरा धडा असा की वस्तूपेक्षा तिची जागा मोठी. खापराचा तुकडा चुलीजवळ पडलेला असेल तर तो स्वयंपाकाबद्दल सांगतो, मढ्याजवळ असेल तर वेगळंच काही सांगतो. तोच उचलून पिशवीत टाकला की मुका झाला. हे मी वहीत लिहून घेतलं होतं, परीक्षेत बरोबरही लिहिलं होतं. तरी पुढे काय केलं ते सांगतेच.

मला सगळ्यात आवडलं ते इनामगावचं प्रकरण. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी हे गाव आहे. तिथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या लोकांनी 1968 ते 1982 या काळात खोदकाम केलं. तिथली वस्ती इसवी सनाच्या आधी साधारण 1600 ते 700 या काळातली, म्हणजे आजपासून तीन हजार वर्षांच्या मागे-पुढे. त्यात ना राजवाडा, ना देऊळ, ना एक अक्षर लिहिलेलं. सगळी कुडाची घरं. तरी त्यांनी शंभराच्या वर घरं ओळखली. कशी? मातीच्या जमिनी, चुली, धान्य साठवायच्या जागा आणि मेढींचे खड्डे. लाकडाची मेढ कुजून जाते, पण तिच्या खड्ड्यात जी माती भरते तिचा रंग बाजूच्या मातीहून वेगळा राहतो. असे डाग ओळीने दिसले की भिंत कुठून कुठे होती ते कळतं. ती माणसं जव पिकवायची. लेकरू गेलं तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायची आणि घराच्या जमिनीखाली पुरायची. पहिल्यांदा चित्र बघितलं तेव्हा वर्गात कुणी बोललं नाही. शेवटच्या काळात तिथली चौकोनी मोठी घरं कमी होऊन छोट्या गोल झोपड्या आल्या. दिवस वाईट आले होते, हेसुद्धा जमिनीवरून वाचलं.

कोळशावरून वय काढतात तेही शिकवलं. लाकडात एक प्रकारचा कार्बन असतो, झाड मेलं की तो ठरलेल्या वेगाने कमी होत जातो, 5730 वर्षांत अर्धा होतो. किती उरला ते मोजून वर्षं काढायची. आपल्या चाळीस-पन्नास वर्षांच्या चुलीला त्याचा उपयोग नाही, म्हणून ते सोडून देते.

मग एकदा आम्हाला अंबरनाथच्या शिवमंदिरात नेलं. मी लहानपणापासून महाशिवरात्रीच्या जत्रेला जाते, मला वाटलं आता नवीन काय बघायचं. तिथे शिलालेख आहे. त्यात शिलाहार राजा मम्वाणीचं नाव आहे आणि शके 982, म्हणजे इसवी सन 1060. हा आकडा आधी 782 असा वाचला गेला होता, नंतर दुरुस्त झाला. एका आकड्याने देऊळ दोनशे वर्षं मागे गेलं होतं! दगडावर कोरलेलं शिकलेली माणसं चुकीचं वाचू शकतात, तर आपल्या सातबाऱ्याचं आणि वनखात्याच्या नकाशाचं काय घेऊन बसलात. पण वालधुनीच्या काठी हा काळा दगड ज्यांनी फोडला, घडवला, त्यांच्या झोपड्या कुठे होत्या, हे कुणी विचारत नाही. मी विचारलं. सर म्हणाले, प्रश्न चांगला आहे, उत्तर मातीत असेल.

आणि जुनं म्हणजे हजार वर्षांचंच लागतं असं नाही. येताना उल्हासनगर लागतं. दुसऱ्या महायुद्धात तिथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासितांना ठेवलं, आणि 8 ऑगस्ट 1949 ला उल्हासनगर नाव देऊन पायाचा दगड बसवला. अजून लोक पत्ता सांगतात तो कॅम्प नंबर सांगूनच. नावातसुद्धा थर असतो.

आता आपल्या कामाचं. वनहक्क कायदा 2006 चा, लागू झाला 31 डिसेंबर 2007 पासून. आदिवासीला दाखवायचं आहे ते एवढंच की 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन आपल्या ताब्यात आहे. 75 वर्षांचा पुरावा आणा असं कुणी सांगितलं तर त्याला सांगा, ती अट इतर पारंपरिक वननिवासींना आहे. आणि पुरावे कोणते चालतात ते नियम 13 मध्ये लिहिलंय. कागद आहेतच, पण त्याशिवाय घर, झोपडी, जमीन सपाट केलेली, बांध, बंधारे. विहीर, दफनभूमी, देवाची ठिकाणं, म्हणजे जुनेपण दाखवणाऱ्या गोष्टी. दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसांचं लिहून घेतलेलं म्हणणं. सामूहिक हक्कासाठी गावाने बांधलेल्या गोष्टींचे पडके अवशेष, देवाची झाडं, राई, तळी. मी हा नियम दुसऱ्यांदा वाचला तेव्हा मला हसूच आलं. कलिन्याला शिकले ती सगळी यादी इथेच होती.

आमच्या वाडीतल्या एका काकांचा दावा होता. जुनी वस्ती वरच्या माळावर होती, ती खाली आली, पण नाचणी-वरई ते अजून वरच करतात. पडताळणीला आलेले साहेब म्हणाले, "इथे वस्ती कुठेय? जंगल आहे." मी शिकलेली बाई, मला राग आला. दुसऱ्या दिवशी वर गेले, जुन्या घराच्या जागेवर जात्याचा अर्धा दगड पडला होता तो डोक्यावर घेतला आणि खाली कचेरीत नेऊन टेबलावर ठेवला. साहेबांनी बघितलं आणि म्हणाले, "बाई, हे तुम्ही कुठूनही आणलं असेल."

त्यांचं बरोबर होतं. परीक्षेत लिहिलेलं उत्तर मीच विसरले होते. दगड मुका केला तो मी.

आजी मला दोन दिवस बोलली नाही. तिचंच जातं होतं ते.

मग आम्ही सुरुवातीपासून केलं. पहिला पाऊस झाल्यावर आजीला घेऊन वर गेलो. मुरमात मेढींसाठी खोदलेले खड्डे होते, त्यात काळी माती भरलेली. तिथे ओल टिकते, म्हणून गवत तिथेच आधी उगवलं होतं. हिरव्या ठिपक्यांची ओळ, लांबून दिसत होती. खणलं काहीच नाही, खणलं की पुरावा आपल्याच हाताने जातो. दोरीने अंतरं मोजली, कागदावर नकाशा काढला, उत्तर दिशा दाखवली. चुलीचे तीन दगड जागेवरच होते. शेजारी फूटपट्टी आणि तारीख लिहिलेली पाटी ठेवून फोटो काढले. गावदेवापासून, झऱ्यापासून किती पावलं तेही लिहिलं. दारातल्या आंब्याचा घेर मोजला. बांध मोजले. हे सगळं वनहक्क समितीसमोर, आणि हजर होते त्यांच्या सह्या-अंगठे त्याच जागी घेतले.

आजीचा जबाब घेताना साल विचारून उपयोग नव्हता. थोरला मुलगा 72 च्या दुष्काळात रांगत होता, आणि घर त्याच्या आधी बांधलं, लग्नानंतर. असं एकावर एक लावत गेलो. तोही उकिरडाच झाला, फक्त आठवणींचा. ती म्हणाली, "दार उगवतीला होतं." नकाशात मी उत्तरेला दाखवलं होतं. परत वर गेलो, ओळीत कुठे खड्डा नाही ते बघितलं. आजीचं खरं निघालं.

साहेब परत आले तेव्हा आजी चुलीच्या दगडांजवळ जाऊन बसली, लाकूड सारायला बसतात तशी. साहेबांनी टिपण घेतलं. ग्रामसभेचा ठराव होऊन फाईल उपविभागीय समितीकडे गेली आहे. उत्तर अजून आलेलं नाही. विरोधात आलं तर 60 दिवसांत जिल्हा समितीकडे अपील करायचं आहे, त्याची तयारी ठेवली आहे.

ज्या वाड्यांना जुन्या जागा दाखवायच्या आहेत त्यांनी पहिल्या पावसानंतर आठ-दहा दिवसांत निघा, नंतर गवत सगळीकडे सारखं होतं. म्हातारं माणूस बरोबर न्या, चालवत नसेल तर डोली करा. दोरी, पाटी माझ्याकडे आहे, निरोप द्या, मी येते. तोवर जातं, उखळ, खापर, काही उचलू नका. आमच्या जात्याचा दगड अजून त्या कचेरीत कपाटाखाली पडून आहे. आजी रोज विचारते, कधी आणतेस.