हाड कसे घडते, गाठ कशी येते

मंडळी, हाड म्हणजे वाळलेले लाकूड, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. हाड जिवंत आहे. त्यात रक्त खेळते, म्हणून तर मोडलेले हाड सांधते.

आपल्याकडचे कुडाचे घर आठवा. आधी कूड विणायचा, मग त्यावर माती लिंपायची. हाडाचेही तसेच. कानाचा वरचा भाग चिमटीत धरा. तो कूर्चेचा असतो. आईच्या पोटात मुलाची बहुतेक हाडे आधी अशीच मऊ कूर्चेची असतात. हळूहळू तिथे चिवट धाग्यांची वीण तयार होते आणि विणीत चुना बसतो. हाड चुलीत जाळले की वीण जळते, नुसता चुना उरतो, बोटाने त्याचा भुगा होतो. उलट कोंबडीचे बारीक हाड चार-पाच दिवस व्हिनेगरमध्ये ठेवा. चुना विरघळतो आणि हाड वाकते! आम्ही हे वर्गात करून दाखवत असू. पोरांना भारी मौज वाटे.

हाड लांबीला वाढते ते टोकाजवळ. तिथे कूर्चेची पट्टी असते. पायाची जास्त वाढ गुडघ्याजवळ होते. अठरा-वीस वर्षांच्या सुमारास पट्टी भरते, उंची थांबते. मोठ्या माणसाची हाडे २०६.

कधी कधी हाडातल्या पेशी ताळ सोडून वाढतात. तीच गाठ. सगळ्या गाठी कर्करोगाच्या नसतात. काही नुसती कठीण टेंगळे असतात, उंची थांबली की तीही थांबतात. तरी डॉक्टरला दाखवावीत.

हाडाचा कर्करोग क्वचित होतो. पण होतो तो बहुधा दहा ते वीस वर्षांच्या पोरांना, आणि बहुतेक वेळा गुडघ्याजवळ. रात्री ठणका लागतो, सूज वाढत जाते. घरचे म्हणतात, "खेळताना पडला असंल." मग चोळणे, डागणे, पाला बांधणे चालते. त्यात महिने जातात. सूज चोळू नका, डागू तर मुळीच नका.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेल आहे. त्यातही हाडे दुखतात. पण एकाच जागची सूज दिवसेंदिवस वाढत असेल, तर सिकलसेलचे नाव घेऊन घरी बसू नका. जिल्हा रुग्णालयात जाऊन हाडाचा फोटो काढा.

पूर्वी या रोगात पाय कापत, तरी रोग बहुधा फुप्फुसात गेलेला असे. १९७० नंतर औषधे निघाली. आता आधी औषध, मग शस्त्रक्रिया, मग पुन्हा औषध. पुष्कळदा रोगट हाड काढून धातूचे बसवतात, पाय वाचतो. रोग पसरण्याआधी इलाज पुरा झाला, तर निम्म्याहून अधिक पोरे वाचतात. बरे वाटले म्हणून औषध मध्येच सोडू नये.

आणखी एक. तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढतात. तो जिथे पुढे शस्त्रक्रिया व्हायची, तिथेच काढू द्या. भलत्या जागी छेद घेतला तर वाचणारा पायही जातो. मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून आहे. नंदुरबारहून सुरतमार्गे रेल्वेने जाता येते. निघताना हाडाचा फोटो आणि आधीचे सगळे कागद पिशवीत ठेवा.