मदुराईची राणी अल्ली

श्रोतेहो, १९९६ पर्यंत आपण ज्या शहराला मद्रास म्हणत होतो, त्या चेन्नईत एक शब्दप्रयोग सहज कानावर पडतो. एखाद्या घरात पत्नीचा शब्द अखेरचा ठरत असला, किंवा एखाद्या कचेरीची सूत्रे स्त्रीच्या हाती आली, की कोणीतरी मिस्कीलपणे म्हणतो, 'तिथे अल्लीराज्य आहे!' कोणी 'अल्ली दरबार' असेही म्हणतो. दरबार हा शब्द आपल्याला परका नाही; पण ही अल्ली कोण? जिच्या नावाचा असा टोमणा झाला, तिने केले तरी काय? आज तिचीच कथा आपल्यापुढे मांडावयाची आहे.

या कथेचा एक धागा महाभारतात आहे. ठरलेला नियम मोडल्यामुळे अर्जुनाला वनवास पत्करावा लागला. त्या तीर्थयात्रेत महेंद्र पर्वत मागे टाकून, समुद्रकाठाने चालत तो चित्रवाहन राजाच्या नगरात आला. तेथे राजकन्या चित्रांगदा त्याच्या दृष्टीस पडली आणि त्याने तिला मागणी घातली. राजाने आपल्या कुळाची हकीगत सांगितली. प्रभंजन नावाच्या त्याच्या पूर्वजाला शंकराने वर दिला होता, की या वंशात प्रत्येक पिढीला एकच अपत्य होईल. आजवर प्रत्येक राजाला पुत्र झाला. चित्रवाहनाला मात्र कन्या झाली. म्हणून तिलाच त्याने 'पुत्रिका' मानले होते. तिचा मुलगा तिच्या पित्याचा वंश चालवील, तोच या विवाहाचे शुल्क, अशी त्याची अट होती. अर्जुनाने ती मान्य केली, तीन वर्षे तो तेथे राहिला, आणि पुढे आपल्या वाटेने निघून गेला. त्या मुलाचे नाव बभ्रुवाहन. अश्वमेधाच्या घोड्यामागून आलेल्या पित्याशी त्याचे झालेले युद्ध श्रीधरस्वामींच्या ओव्यांतून महाराष्ट्रातील श्रोत्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकले आहे.

हे नगर कोणते, याविषयी पुष्कळ चर्चा झाली आहे. प्रचलित प्रतींत त्याचे नाव मणिपूर असे आढळते. परंतु पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने काढलेल्या चिकित्सक आवृत्तीच्या आदिपर्वात, डॉ. विष्णु सीताराम सुखटणकरांनी १९३३ मध्ये पूर्ण केलेल्या त्या खंडात, 'मणलूर' हा पाठ स्वीकारलेला आहे. या कामासाठी दाक्षिणात्य हस्तलिखितांच्या तुलनेचे एक केंद्र तंजावरला, मराठी राजांनी जोपासलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात होते, हे आपण अभिमानाने लक्षात ठेवावे. मणलूर नावाचे एक गाव आजही मदुराईजवळ आहे. कीळडीच्या प्राचीन वस्तीलगतच्या या गावी २०२० मध्ये उत्खननही झाले. केवळ नामसाम्यावरून इतिहास सिद्ध होत नाही, हे खरे. पण दक्षिणेकडील परंपरेने चित्रांगदेला पांड्यांची लेक मानले, आणि तमिळ लोककथेने तिच्याच जागी एक निराळी, फार तेजस्वी राजकन्या उभी केली. तीच अल्ली.

अल्ली म्हणजे कुमुदिनी, रात्री उमलणारे पाण्यातले फूल. निपुत्रिक पांड्य राजाने तप केले आणि त्याला या फुलात एक बालिका सापडली, म्हणून तिचे नाव अल्ली. राज्य दुसऱ्यानेच बळकावले होते. मुलगी शस्त्रविद्या शिकली, लहान वयातच तिने त्या बळकावणाऱ्याचा पाडाव केला आणि मदुराईचे सिंहासन परत मिळविले. तिच्या दरबारात आणि सैन्यात स्त्रियाच होत्या. विवाह करावयाचा नाही, असा तिचा निश्चय होता. अर्जुन मदुराईला आला तेव्हा तिची कीर्ती ऐकूनच तो मोहित झाला. त्याने नाना वेष घेतले, नाना खटपटी केल्या. तिने त्याला झिडकारले.

मग कृष्ण त्याच्या मदतीला आला. त्याच्या मायेने अर्जुनाने सर्पाचे रूप घेतले, रात्री राणीच्या शयनगृहात प्रवेश केला आणि ती झोपेत असताना तिच्या गळ्यात ताळी बांधली. ताळी म्हणजे आपल्याकडील मंगळसूत्र. सकाळी जागी झाल्यावर गळ्यातील ते सूत्र पाहून अल्ली संतापाने पेटून उठली. तिने सैन्य घेऊन अर्जुनाचा पाठलाग केला, युद्ध मांडले. शेवटी पुन्हा कृष्णाच्याच युक्तीने ती वश झाली. तिला पुलंदरन नावाचा मुलगा झाला. या मुलाच्या हट्टापायी अर्जुन पोवळ्यांच्या देशात गेला आणि तेथील पवळक्कोडी नावाच्या राजकन्येशी विवाह करून आला, अशी आणखी एक कथा पुढे जोडलेली आहे.

'अल्ली अरसाणी मालै' या नावाचे हे काव्य परंपरेने पुगळेंदी या विख्यात कवीच्या नावावर घातले आहे. पण ते त्याचे नव्हे, ते लोकगायकांचे धन आहे, असेच विद्वान मानतात. त्याला घरोघरी पोचविले ते मद्रासच्या छापखान्यांनी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तेथे अशा कथांची स्वस्त पुस्तके निघू लागली. त्यांना 'पेरिय एळुत्तु', म्हणजे मोठ्या अक्षरांची पुस्तके म्हणत. पार्क टाउन भागातील गुजिली बाजारात ती विकली जात, आणि त्या बाजारावरून अशा वाङ्मयाला 'गुजिली' हेच नाव पडले. मंद दिव्याच्या उजेडातही वाचता यावे असे ठसठशीत टंक, मुखपृष्ठावर चित्र आणि परवडणारी किंमत, असे त्यांचे रूप असे. एकाने सूर लावून वाचावे आणि इतरांनी ऐकावे, ही त्यांच्या वाचनाची रीत. आपल्याकडे पांडवप्रतापाची पोथी जशी ऐकली जाई, तशीच ही अल्लीची गाथा.

श्रोतेहो, या कथेतील ताळीच्या प्रसंगापाशी क्षणभर थांबले पाहिजे. आपल्या रंगभूमीवरही अर्जुनाच्या त्याच तीर्थयात्रेचे नाटक आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'सौभद्रा'त अर्जुन यतीचा वेष घेतो, कृष्ण सूत्रे हलवितो, आणि आपण निःशंक मनाने हसतो. निःशंक अशासाठी की तेथे सुभद्रेचे मन आधीच अर्जुनावर जडलेले आहे. कपट आहे ते बलरामाशी, तिचा विवाह दुसरीकडे ठरविणाऱ्या वडीलधाऱ्यांशी. अल्लीच्या कथेत नायक तोच, सूत्रधार तोच, वेषांतराची हौसही तीच. पण कपट प्रत्यक्ष वधूशी आहे. तिने स्पष्ट शब्दांत 'नाही' म्हटले आहे. म्हणून या कथेत हसू येता येता थांबते.

आणि लोकगायकांनी हे झाकून ठेवलेले नाही, हे विशेष. आपल्या लाडक्या पांडवाची अब्रू राखण्यासाठी 'ती मनातून त्याच्यावर अनुरक्तच होती' असे सांगून मोकळे होणे त्यांना अवघड नव्हते. तसे न करता त्यांनी तिला जागी झाल्यावर शस्त्र घेऊन उभी केली. महाभारतात चित्रांगदेची मागणी पित्याकडे होते, अट पिता घालतो, ती अर्जुन मान्य करतो; त्या बोलण्यात चित्रांगदेला कोणी विचारल्याचा उल्लेख नाही. लोककथेने जणू तो प्रश्न तिच्यापुढे ठेवला. तिचे उत्तर नकाराचे आले, आणि तो नकार जागेपणी कोणालाच मोडता आला नाही. त्यासाठी रात्र व्हावी लागली, देवाची माया लागली. अल्लीच्या सामर्थ्याची याहून मोठी कबुली कोणती असणार?

राज्य करणारी स्त्री पांड्य देशाला नवी नव्हती. इसवी सनापूर्वी तीनशेच्या सुमारास आलेल्या मेगॅस्थिनिस या ग्रीक वकिलाने दक्षिणेत 'पांडैया' नावाच्या राजकन्येच्या राज्याची ऐकीव हकीगत नोंदविली, ती पुढील ग्रीक लेखकांनी जपली. मदुराईची मीनाक्षी ही तर पुराणकथेत पांड्यांची राजकन्याच. तिने दिग्विजय केला, आणि शंकराची भेट होताच तिचे युद्ध थांबले. आजही चैत्रातल्या उत्सवात आधी मीनाक्षीचा राज्याभिषेक होतो, मग दिग्विजय आणि त्यानंतर विवाह. तमिळ घरात थट्टेने विचारतात, 'तुमच्याकडे मदुराई की चिदंबरम?' म्हणजे घरात सत्ता देवीची की नटराजाची. ही थट्टा प्रेमळ आहे. देवीचे राज्य लोकांनी कौतुकाने मान्य केले. माणसाच्या पोटी वाढलेल्या राणीचे राज्य मात्र टोमण्यात गेले. आपल्याकडेही मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात अडकल्याची कथा आपण ऐकतो, तेव्हा आपले लक्ष गोरक्षनाथ गुरूला कधी सोडवून आणतात, इकडेच असते. त्या राज्याचा कारभार कसा चालला होता, हे आपण कुठे विचारतो?

पुढे अल्लीला रंगभूमी मिळाली. तमिळ नाट्यपरंपरेचे थोर प्रवर्तक शंकरदास स्वामिगळ (१८६७–१९२२) यांनी अल्ली आणि पवळक्कोडी यांच्या कथांवर नाटके लिहिली. १९३४ मध्ये 'पवळक्कोडी' पडद्यावर आली. के. सुब्रह्मण्यम यांनी दिग्दर्शित केलेला तो पहिला चित्रपट, एम. के. त्यागराज भागवतर आणि एस. डी. सुब्बुलक्ष्मी हेही त्यातच प्रथम पडद्यावर दिसले. बोलपट नुकताच बोलू लागला होता; त्या पहिल्या वर्षांत मद्रासच्या प्रेक्षकांना या गाथेची ओळख नव्याने करून द्यावी लागली नाही.

महाभारताच्या शेवटी एक लहानसा उल्लेख आहे. पांडव महाप्रस्थानाला निघाले तेव्हा उलूपी गंगेत शिरली आणि चित्रांगदा आपल्या नगराकडे परत गेली. हस्तिनापुरात तिने काय सुखदुःख भोगले, ते व्यासांनी सांगितलेले नाही. पण अखेर ती आपल्या पित्याच्या गावी गेली, एवढे आवर्जून नोंदविले आहे. तिचे खरे स्थान तेथेच होते, हे त्या एका वाक्यातून कळते.

अल्लीलाही तिच्या जागी परत नेणे आपल्या हाती आहे. 'अल्लीराज्य' या शब्दाचा उगम पाहिला तर त्यात हसण्याजोगे काही नाही. परक्याने बळकावलेले राज्य एका मुलीने परत मिळविले आणि ते चालवून दाखविले, एवढाच त्याचा मूळ अर्थ. यापुढे कोणा स्त्रीच्या कारभाराला हे नाव दिलेले आपल्या कानी आले, तर तो टोमणा मारणाऱ्याला मदुराईच्या राणीची ही कथा जरूर सांगावी. आणि सांगताना ताळीची ती रात्र वगळू नये.