वैद्यकीय जागांचे वाटप : न्यायालयापुढे आलेला प्रश्न आणि न आलेला

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दरवर्षी वैद्यकीय प्रवेशाची वेळ आली की उच्च न्यायालयांतून अर्जांची रीघ लागते. कोणाचा आक्षेप जातीच्या राखीव जागांवर असतो, कोणाचा अधिवासाच्या अटीवर, तर कोणाचा अनिवासी भारतीयांच्या कोट्यावर. याद्या लांबणीवर पडतात, पालक वकिलांचे उंबरठे झिजवतात आणि 'गुणवत्ता की आरक्षण' हा जुनाच वाद वर्तमानपत्रांतून नव्याने रंगतो. या वादात कार्यकर्त्याने कोणती भूमिका घ्यावी हे ठरविण्यापूर्वी गेल्या पाऊणशे वर्षांतील खटल्यांचा इतिहास सलगपणे पाहणे अगत्याचे आहे. तसा तो पाहिला म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. जात, प्रदेश, अधिवास यांच्या आधारे राखलेल्या जागांना न्यायालयाने वेळोवेळी जाब विचारला व त्यांवर मर्यादा घातल्या. पैशाच्या आधारे राखलेल्या जागांना मात्र हा जाब एकदाच नेटाने विचारला गेला आणि दहा वर्षांच्या आत तो मागेही घेतला गेला.

या इतिहासाचा प्रारंभ मद्रासपासून होतो. १९५० साली मद्रास राज्याची चार सरकारी वैद्यकीय महाविद्यालये होती व त्यांत मिळून ३३० जागा होत्या. परराज्यांतील विद्यार्थ्यांसाठीच्या व सरकारच्या मर्जीतील थोड्या जागा वगळता उरलेल्या जागा जातवार आदेशानुसार भरल्या जात. दर १४ जागांपैकी ६ ब्राह्मणेतर हिंदूंना, २ मागास हिंदूंना, २ ब्राह्मणांना, २ हरिजनांना, १ अँग्लो-इंडियन व भारतीय ख्रिस्ती समाजाला आणि १ मुसलमानांना, असे ते प्रमाण होते. चंपकम दोराईराजन खटल्यात ९ एप्रिल १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी हा आदेश घटनाबाह्य ठरविला. दोन-सव्वादोन महिन्यांतच संसदेने पहिली घटनादुरुस्ती करून कलम १५ मध्ये चौथे उपकलम घातले आणि मागासवर्गीयांसाठी विशेष तरतूद करण्याचा राज्याचा अधिकार स्पष्ट केला. आरक्षणाच्या घटनात्मक पायातील एक चिरा अशा रीतीने वैद्यकीय प्रवेशाच्या तंट्यातून बसला आहे.

परंतु त्या खटल्यातील ३३० हा आकडा विसरता कामा नये. त्या वेळच्या मद्रास राज्यात आजचे तमिळनाडू तर होतेच, शिवाय आंध्रचा किनारी प्रदेश, रायलसीमा व मलबारही होते. एवढ्या विशाल प्रदेशासाठी वर्षाला ३३० डॉक्टर! त्यांतील कोणत्या समाजाला किती, यावर सात न्यायमूर्तींनी विचार केला. जागा मुळात एवढ्याच का, हा प्रश्न कोणीच न्यायालयापुढे ठेवला नव्हता. तेव्हापासून आजतागायत वादाची चौकट हीच राहिली आहे. टंचाई गृहीत धरायची आणि तिच्या वाटणीवर भांडायचे.

दुसरा टप्पा म्हैसूरचा. ३१ जुलै १९६२ च्या आदेशाने म्हैसूर सरकारने वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांतील ६८ टक्के जागा राखून ठेवल्या : मागासांसाठी २८, अधिक मागासांसाठी २२, अनुसूचित जातींसाठी १५ आणि अनुसूचित जमातींसाठी ३. बालाजी खटल्यात हा आदेश रद्द झाला. निकालपत्र न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांचे होते. केवळ जात हा मागासलेपणाचा एकमेव निकष असू शकत नाही आणि राखीव जागा सर्वसाधारणपणे निम्म्याहून कमी असाव्यात, असे त्यांनी सांगितले. पन्नास टक्क्यांची सुप्रसिद्ध रेषा ती हीच. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालाने ती नोकऱ्यांच्या बाबतीत दृढ केली आणि ५ मे २०२१ रोजी महाराष्ट्राचा मराठा आरक्षणाचा २०१८ चा कायदा याच रेषेवर अडून पडला. पुढे ७ नोव्हेंबर २०२२ रोजी आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या १० टक्के आरक्षणाचा निकाल देताना मात्र ही मर्यादा अनुल्लंघनीय नाही, असे बहुमताने ठरले. साठ वर्षे जी रेषा मागासवर्गीयांपुढे भिंतीसारखी उभी होती, ती उच्चवर्णीय गरिबांसाठी दारासारखी उघडली. उच्चवर्णीयांतही गरीब आहेत आणि त्यांच्या मुलांना आधार मिळावा याविषयी दुमत असू नये. पण रेषा कोणासाठी ताठ आणि कोणासाठी लवचिक, याची नोंद घेतलीच पाहिजे.

तिसरा वाद प्रदेशाचा, आणि तो थेट महाराष्ट्रातला आहे. वैद्यकीय प्रवेश विभागवार बंदिस्त ठेवणारा राज्याचा नियम निदामर्ती महेशकुमार खटल्यात १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. मात्र एखाद्या विभागातील महाविद्यालयाच्या खुल्या जागांपैकी सत्तर टक्क्यांपर्यंत जागा त्याच विभागातील विद्यार्थ्यांना देण्यास मुभा ठेवली. महाराष्ट्रातील ७०:३० सूत्राचे मूळ या निकालात आहे. मागास विभागातील मुलांना घराजवळ शिकता यावे आणि पुढे ती तेथेच सेवेला राहावीत, हा त्यामागचा हेतू चांगला होता. अनुभव मात्र वेगळा आला. मराठवाड्यात महाविद्यालयेच कमी. थोड्या जागांचे सत्तर टक्के म्हणजे थोडेच, आणि इतरत्रच्या भरपूर जागांपैकी केवळ तीस टक्क्यांत मराठवाड्याच्या मुलाने इतरांशी स्पर्धा करायची! ज्याच्या रक्षणासाठी कुंपण घातले तोच कुंपणाबाहेर राहिला. मराठवाड्यातील लोकप्रतिनिधींनीच हे सूत्र मोडण्याची मागणी लावून धरली आणि सप्टेंबर २०२० मध्ये शासनाने ते रद्द केले. टक्केवारी ही नेहमी कशाची तरी टक्केवारी असते, ही प्राथमिक अंकगणिताची गोष्ट धोरण आखणारे विसरले की असे घडते. सार्वजनिक महाविद्यालये निर्माण न करता केवळ वाटपाचे सूत्र बदलून प्रादेशिक अनुशेष भरून निघत नाही.

आता पैशाच्या कोट्याकडे वळू. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्र शासनाने विनाअनुदान तत्त्वावर खासगी व्यावसायिक महाविद्यालयांना दार उघडले. देणगीचा बोभाटा इतका झाला की १९८७ साली त्याच राज्याला देणगीप्रतिबंधक कायदा करावा लागला. कर्नाटकात परिस्थिती याहून निराळी नव्हती. तेथील १९८९ च्या अधिसूचनेनुसार खासगी वैद्यकीय महाविद्यालयातील सरकारी जागेचे वार्षिक शुल्क २,००० रुपये, राज्यातील इतर विद्यार्थ्याला २५,००० पर्यंत आणि परप्रांतीयाला ६०,००० पर्यंत होते. एकच वर्ग, एकच शिक्षक, एकच पदवी आणि तीन भाव! मोहिनी जैन खटल्यात १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत समतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरविली. पुढच्याच वर्षी उन्नीकृष्णन खटल्यात पाच न्यायमूर्तींनी खासगी महाविद्यालयांतील निम्म्या जागा गुणानुक्रमे अल्प शुल्कात आणि निम्म्या पूर्ण शुल्कात भरण्याची योजना आखून दिली.

या योजनेत दोष होते. शहरी सुखवस्तू मुले शिकवण्यांच्या बळावर वरचे गुण मिळवून स्वस्त जागा पटकावतात आणि ग्रामीण पालक कर्ज काढून त्यांचा भार उचलतो, हा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. परंतु खासगी संस्थेलाही सामाजिक हिशेब द्यावा लागेल, हे तत्त्व तीत होते. टी. एम. ए. पै खटल्यात ३१ ऑक्टोबर २००२ रोजी अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने ही योजनाच रद्दबातल केली. महाराष्ट्रातून गेलेल्या इनामदार खटल्यात १२ ऑगस्ट २००५ रोजी सात न्यायमूर्तींनी आणखी पुढचे पाऊल टाकले. विनाअनुदानित खासगी संस्थांवर राज्याला आपले आरक्षण लादता येणार नाही असे त्यांनी ठरविले. मात्र अनिवासी भारतीयांसाठी पंधरा टक्क्यांपर्यंत जागा ठेवण्यास मान्यता दिली. एकाच निकालपत्रात दलिताची राखीव जागा संस्थेच्या स्वातंत्र्यावरील आक्रमण ठरली आणि परदेशी चलनात शुल्क भरणाऱ्याची राखीव जागा ग्राह्य ठरली.

संसदेने ९३ वी घटनादुरुस्ती करून १५ (५) हे उपकलम आणले आणि खासगी संस्थांतही आरक्षण ठेवण्याचा मार्ग मोकळा केला. २०१४ साली न्यायालयानेही ते वैध ठरविले. तथापि केंद्राचा २००६ चा कायदा केंद्रीय संस्थांपुरताच राहिला. खासगी अभिमत विद्यापीठे त्याच्या कक्षेबाहेर आहेत.

अनिवासी कोट्याचे खरे स्वरूप पंजाबात उघडे पडले. ऑगस्ट २०२४ मध्ये तेथील सरकारने अनिवासी भारतीयांचे काका, मामा, आत्या, मावशी, आजी-आजोबा अशा दूरच्या नात्यांनाही या कोट्यात आणले. उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरात राज्याचे अपील फेटाळताना या प्रकाराला सरळ फसवणूक म्हटले. निकाल स्वागतार्हच आहे. पण नात्याचा विस्तार ही फसवणूक असेल, तर मूळ कोटा कोणत्या सामाजिक अन्यायाच्या निवारणासाठी आहे, हे विचारायचे राहून गेले.

'नीट' परीक्षेने पैशाचा प्रभाव संपेल अशी अनेकांची प्रामाणिक समजूत होती. उघड लिलाव बंद झाला हे मान्य केले पाहिजे. परंतु आकडे काय सांगतात? २०२४ साली सुमारे २४ लाख विद्यार्थ्यांनी नोंदणी केली, १३ लाखांहून अधिक पात्र ठरले आणि एमबीबीएसच्या जागा होत्या सुमारे १ लाख १२ हजार, त्यांतल्या जवळपास निम्म्या खासगी. जागांच्या दहापटीहून अधिक उमेदवार पात्र ठरविले की काय होते? सरकारी जागा थोडक्यात हुकलेला गरीब मुलगा लाखांत असलेले खासगी शुल्क पाहून माघार घेतो आणि कित्येक लाख क्रमांक मागे असलेला श्रीमंत मुलगा पुढे सरकतो. अनेक अभिमत विद्यापीठांचे वार्षिक शुल्क वीस लाखांच्या वर आहे. आर्थिक दुर्बलतेची कमाल मर्यादा वार्षिक आठ लाखांची. त्या मर्यादेवरील कुटुंबाचे अडीच वर्षांचे सारे उत्पन्न एका वर्षाच्या शुल्कातच संपते. पदव्युत्तर जागा रिकाम्या राहू लागल्या तेव्हा सप्टेंबर २०२३ मध्ये पात्रतेची रेषा थेट शून्य पर्सेंटाइलवर आणण्यात आली. मागासवर्गीय विद्यार्थ्याला दहा-वीस गुणांची सवलत मिळाली की ज्यांना रुग्णांच्या जिवाची चिंता वाटते, त्यांच्यापैकी किती जणांनी तेव्हा रस्त्यावर येऊन निषेध केला?

गुणवत्तेविषयी न्यायालयाची दृष्टीही बदलत आहे, हे येथे नोंदविले पाहिजे. अखिल भारतीय कोट्यात इतर मागासवर्गीयांना २७ टक्के जागा देण्याचा २०२१ चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये उचलून धरला. स्पर्धापरीक्षेतील गुण म्हणजेच गुणवत्ता नव्हे, त्या गुणांमागे कुटुंबाची साधने व सामाजिक भांडवल उभे असते, अशी मीमांसा त्या निकालात आहे. पण त्या वादात पदव्युत्तर प्रवेश महिनोन्महिने रखडले, डिसेंबर २०२१ मध्ये दिल्लीचे निवासी डॉक्टर आंदोलनात उतरले आणि सरकारी रुग्णालयांतील वॉर्ड एका तुकडीवाचून चालले. लांबलेल्या खटल्याची किंमत याचिकाकर्त्याइतकीच खाटेवरच्या रुग्णालाही मोजावी लागते.

तमिळनाडूने या कोंडीतून एक वाट शोधली. निवृत्त न्यायमूर्ती कलैयरसन यांच्या आयोगाच्या अहवालानंतर २०२० साली त्या राज्याने सहावी ते बारावी सरकारी शाळेत शिकलेल्या व 'नीट' पात्र ठरलेल्या मुलांसाठी साडेसात टक्के जागा राखल्या. त्यापूर्वी सरकारी शाळांतील मोजकीच मुले वैद्यकीय शिक्षणापर्यंत पोहोचत. पहिल्याच वर्षी तीनशेहून अधिक मुलांना एमबीबीएसचा प्रवेश मिळाला. त्यांच्या शुल्काचा भारही राज्याने उचलला. एप्रिल २०२२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरविला. जातीच्या आरक्षणाला धक्का न लावता त्याच्या आत शाळेच्या आर्थिक दर्जाचा निकष कसा आणता येतो, याचा हा धडा आहे. जिल्हा परिषदेच्या हजारो शाळा असलेल्या महाराष्ट्राने तो का घेऊ नये?

मग मागणी काय करावी? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ३ फेब्रुवारी २०२२ रोजी एक निर्देश काढला. खासगी महाविद्यालये व अभिमत विद्यापीठांतील निम्म्या जागांचे शुल्क त्या राज्यातील सरकारी महाविद्यालयाइतके असावे, असे त्यात म्हटले आहे. उन्नीकृष्णन योजनेचा निम्मा आत्माच जणू परत आला. खासगी संस्थांनी त्यास ठिकठिकाणी न्यायालयांत आव्हान दिले. केवळ परिपत्रकावर विसंबलेली तरतूद न्यायालयात टिकेलच असे नाही. म्हणून तिला कायद्याचे बळ हवे. त्याच कायद्यात अभिमत विद्यापीठांना १५ (५) खालील आरक्षण लागू झाले पाहिजे. आणि या दोहोंच्या आधी मराठवाडा, विदर्भ व कोकणातील सरकारी महाविद्यालयांत शिक्षकांची पदे भरली गेली पाहिजेत; कारण शिक्षकाविना मंजूर झालेली जागा कागदावरच राहते.

कार्यकर्त्यांना एक काम आजच हाती घेता येईल. प्रवेशफेऱ्यांच्या याद्या राज्याचा सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष व केंद्राची समुपदेशन समिती प्रसिद्ध करतात. आपल्या जिल्ह्यातील सरकारी महाविद्यालयातल्या प्रत्येक प्रवर्गाचा शेवटचा क्रमांक आणि जवळच्या अभिमत विद्यापीठातला शेवटचा क्रमांक शेजारी शेजारी लिहावा, त्यापुढे दोन्हीकडचे शुल्क मांडावे आणि तो तक्ता गावातल्या फलकावर लावावा. आरक्षणामुळे आपल्या मुलाची जागा गेली अशी ज्या पालकाची समजूत आहे, त्याला तो तक्ता घेऊन भेटावे आणि जागा नेमकी कोठे गेली हे त्याच्यासोबत बसून पाहावे.