मधुमेही माणसाचे ताट आणि भाजीची निवड
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील व्याख्यान)



आजच्या मेळाव्यात आहाराविषयी चार शब्द बोलण्याची कामगिरी मंडळाने मजवर सोपविली, याबद्दल मी कार्यकारी मंडळाचा ऋणी आहे. विषय घरगुती असला तरी क्षुल्लक खचित नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची जी पाहणी 2023 साली प्रसिद्ध झाली, तिच्या अनुमानाप्रमाणे आपल्या देशात मधुमेही माणसांची संख्या 10 कोटींहून अधिक आहे. वाशीम, रिसोड, कारंजा, मंगरुळपीर, कोठेही राहा. ही व्याधी आता कोणाच्या उंबरठ्याला परकी उरलेली नाही.

अशा घरी डॉक्टर सांगतात, ‘पिष्टमय पदार्थ कमी करा, भाजी वाढवा.’ त्याप्रमाणे भाकरी एकीवर येते, भात बंद होतो आणि त्या जागी आलूची भाजी वाटीभर वाढली जाते! पथ्य पाळल्याचे समाधान मिळते, साखर मात्र उतरत नाही. दोष पथ्याचा नव्हे. ‘भाजी’ या एका शब्दाखाली आपण परस्परांहून अत्यंत भिन्न अशा वस्तू एकत्र बांधतो, हे त्याचे कारण होय.

टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी 1921 साली इन्सुलीनचा शोध लावला. त्यापूर्वी आहारनियमन हाच मधुमेह्याचा मुख्य आधार होता. बोस्टनचे डॉ. इलियट जॉस्लिन यांच्या तक्त्यांत भाज्यांची पिष्टमय अंशावरून 5, 10, 15 आणि 20 टक्के अशी वर्गवारी असे. औषधे बदलली, तरी ही दृष्टी आजही उपयोगी आहे.

तीच आपल्या बाजाराला लावून पाहू. पालक, मेथी, चवळाई, चाकवत या पालेभाज्या, तसेच काकडी, लवकी, दोडके, कारले, वांगी, टमाटे आणि फुलकोबी यांत शंभर ग्रॅमला पिष्टमय अंश साधारणतः 5 ग्रॅमच्या आसपास असतो. भेंडी, गवार, कोहळे, गाजर, बीट, कांदा यांचा वर्ग त्याहून थोडा वरचा. हे बेताने खावेत. ओले वाटाणे 15 च्या घरात जातात. आलू, रताळे आणि अरवी त्याहीपुढे. त्यांना भाजी न समजता धान्य समजावे. पन्नास ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत सुमारे 35 ग्रॅम पिष्टमय अंश असतो. तेवढाच अंश पाव किलोहून कमी आलूंतून मिळतो; पालक मात्र त्यासाठी किलोभर लागेल!

सारांश, पान, फूल, कोवळी शेंग आणि पाणीदार फळ सढळ हाताने वाढावे. जमिनीखाली पोसलेला कंद मोजून वाढावा. मुळा तेवढा याला अपवाद आहे. वांग्यात, कोबीत आणि मेथीत आलू मिसळण्याची सवय सोडावी. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण मधुमेह्याने विशेष ध्यानात ठेवावी. कारण उपवासाचा साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट होय.

या बाबतीत आपला वऱ्हाड दरिद्री नाही. पावसाळ्यात तरोटा आणि चिवळ, हिवाळ्यात हरभऱ्याचा पाला आणि करडईची भाजी, हे धन आपल्या बांधावरच आहे. मात्र सोयाबीनच्या ज्या शेतात तणनाशक फवारले असेल, तेथील रानभाजी कदापि खुडू नये.

आणखी दोन इशारे देणे कर्तव्य आहे. जे इन्सुलीन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याविना भाकरी-भात एकाएकी तोडू नये. साखर अवाजवी उतरून घाम, कंप आणि भोवळ येते, प्रसंगी जिवावर बेतते. ज्यांचे मूत्रपिंड दुबळे झाले आहे, त्यांनी पालेभाज्यांचे प्रमाणही विचारूनच ठरवावे, कारण त्यांतील पोटॅशियम अशा रोग्यास अपायकारक ठरू शकते.

भगिनींनो, एक गोष्ट स्पष्ट बोलतो, राग मानू नये. पुष्कळ घरांत गृहिणी सर्वांमागून जेवते. तोवर भाजीची कढई रिकामी होते आणि तिच्या वाट्यास भाकरी, चटणी व उरलेला भात येतो. मधुमेह स्त्री-पुरुष असा भेद करीत नाही. म्हणून भाजी चिरतानाच घरातील सर्व माणसे मोजून चिरावी, आणि त्या मोजणीत स्वतःला वगळू नये. पुरुषांनीही दुसऱ्यांदा भाजी मागण्यापूर्वी कढईत डोकवावे.

शेवटी मंडळास एक विनंती. आपल्या पंगतीत भाजी चमचाभर आणि पोळी-भात आग्रहाने वाढण्याची रीत आहे. हा क्रम उलटावा. प्रथम कोशिंबीर व भाजी भरपूर वाढावी, आणि धान्य त्यानंतर यावे. भाजी आधी आणि पिष्ट मागाहून खाल्ल्यास जेवणानंतरची साखर कमी चढते, असे संशोधकांना आढळले आहे. जो ‘पुरे’ म्हणेल, त्याला आग्रह करू नये. त्या नकारामागे त्याचे पथ्य असू शकते. पुढील मेळाव्याच्या पंगतीपासून एवढे जरी घडले, तरी मंडळाने समाजाच्या आरोग्याची मोठी सेवा केली असे होईल.